एकाच आवाजातली अंतराळयानं

माझा नवरा बोगुमिऊ लुब्लिनमध्ये ट्रॉलीबस चालवायचा आणि घरी आला की परग्रहावर जायचा. कपाटात अंतराळयानांच्या सिनेमांच्या जुन्या टेपा आणि माझे कपडे खुर्चीवर, असा आमचा संसार. आमच्या देशात परदेशी सिनेमात मूळ आवाज दाबून सगळ्यांचे संवाद आमच्या भाषेत एकच माणूस वाचतो, बायकांचेसुद्धा, आणि तेही रेल्वेचं वेळापत्रक वाचावं तसे. त्या आवाजावर बोगुमिऊचा भारी जीव. मी तोंड उघडलं की म्हणायचा, "किंचाळू नकोस, ऐकू येत नाहीये."

परवा आमची मुलगी यागना आम्हाला थिएटरात घेऊन गेली. त्याचाच सगळ्यात लाडका सिनेमा, पण मूळ आवाजात. कप्तानाची बायको यानाच्या दाराशी हंबरडा फोडून म्हणाली, "जाऊ नकोस." बोगुमिऊ ताडकन उठला. "या बाईला रडायला कुणी सांगितलं? वाट लावली सिनेमाची."

"बाबा, ती पहिल्यापासूनच रडतेय," यागना म्हणाली.

घरी येऊन त्यानं तोच सिनेमा टेपवर लावला. त्या मेल्या वाचणाऱ्यानं "जाऊ नकोस" म्हटलं आणि माझ्या नवऱ्यानं डोळे पुसले. मी रडले की हाच माणूस टीव्हीचा आवाज वाढवायचा.

मी बॅग भरली, दारात उभी राहिले आणि तसल्याच सपाट आवाजात म्हणाले, "मी बहिणीकडे चाललेय. परत येणार नाही."

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं सिनेमा चालू असताना मान वळवली. "काय म्हणालीस?"

"टेप मागे घे," मी म्हणाले आणि दार ओढून घेतलं.