डाव्या कानातली घुंगरमाळ

भुताखेताच्या गोष्टी मी कधी मानल्या नाई. चाळीस वर्सं वडनेर अन् आजूबाजूच्या गावांत लग्नाचे, कीर्तनाचे भोंगे बांधले. स्मशानाच्या कडेच्या झाडावरही चढलो, काही दिसलं नाई. शाळा दुसरीपर्यंत, म्हणून लिहिण्यात चुका असतील... पण खोटं एक अक्षर नाई.

हे झालं वर्ध्याले, माह्या पोरीच्या घरी, भर दुपारी. मंदा कंप्युटरवर आवाजाचं काम करते. खोलीत स्पीकरचे पाच डबे — तीन पुढं, दोन मागं. स्क्रीनवर ती माऊसनं रेघ ओढते अन् आवाज त्या रेघेप्रमाणं या डब्यातून त्या डब्यात आपोआप फिरते. ऑटोमेशन म्हणते ती त्याले.

मी वडनेरहून मोपेडवर गेलतो. त्यावरूनच ती पेटली.

"हायवेनं आले? डाव्या बाजूनं ट्रक येते तं ऐकू येते का तुम्हाले?"

"भोंगेवाल्याचे कान आहेत हे! तुह्या मशीनपेक्षा पक्के."

खरं सांगतो — डावा कान सहा वर्सांपासून बंद होता. कोणाले सांगितलं नवतं. भोंगेवाला बहिरा झाला म्हणतील ना लोकं...

"मंग पैज," मंदा म्हणे. "मधात बसा, डोळे मिटा. घुंगरमाळ जिकडं वाजंल तिकडं बोट दाखवा. एक जरी चुकलं तं गाडीची चाबी माह्याजवळ. अन् दवाखान्यात यायचं."

"नाई चुकलो तं?"

"तं पुन्हा शब्द काढणार नाई."

माळ आमच्याच बैलाची. बैल विकून लई वर्सं झाले. मंदानं ती सैपाकखोलीत हातानं हलवून रेकॉर्ड केलती.

तीन वेळा मी चलाखी केली. उजव्या कानात आवाज बारीक झाला का डावीकडं बोट. बरोबर निघालं.

"आता गोल फिरवते," ती म्हणे.

घुंगरं उजवीकडून पुढं गेले, पुढून डावीकडं, बारीक झाले... अन् बंदच. संपलं का फिरूनच राह्यलं? बोट थांबवावं का न्यावं? खिशातली चाबी मांडीले टोचून राह्यली होती.

अन् डावा कान उघडला. कापसाचा बोळा ओढून काढावा तसा. घुंगरं आले — अन् घुंगरासंगं खुरं. मातीवर, दमादमानं. बैल माह्या डाव्या अंगानं मागं चालला होता. माहं बोट त्याच्यासंगं सरकत गेलं. मागच्या कोपऱ्यात तो थांबला. फुर्रकन नाक वाजवलं.

"बाबा... डोळे उघडा."

स्क्रीनवरची रेघ थेट त्याच कोपऱ्यात संपली होती.

"जिंकलो का नाई?"

मंदाचं तोंड उतरलं होतं. "मागं आवाज गेलाच नाई, बाबा. पुढच्या डब्यातून निघाला अन् गायब झाला. तुम्ही कशाच्या मागं बोट फिरवून राह्यले होते?"

तिनं उठून मागचा डावा डबा पाह्यला. वायर निघून जमिनीवर पडली होती.

"अन् खुरं?" मी विचारलं.

"कोणते खुरं?"

चाबी माह्याचजवळ राह्यली. खाली येऊन मोपेडले लावली, अन् डाव्या बाजूनं एक ऑटो असा घासून गेला का सदऱ्याची बाही फाटली. तो येताना मले काहीच ऐकू आलं नवतं. कान पुन्हा मेलता.

वर गेलो. चाबी पोरीच्या हातात ठेवली.

"काऊन? जिंकले ना तुम्ही!"

"ठेव म्हनलं ना! अन् डॉक्टरले विचार, कधी येऊ."

एसटीनं घरी आलो. पुढं डॉक्टरनं मशीन लावून सांगितलं का या कानाची नस कवाचीच सुकली, यातून ऐकू येणं शक्य नाई. मंदा म्हणते योगायोग. बोट योगायोगानं फिरलं असंल, मानतो. पण तो बैल मागच्या कोपऱ्यात येऊन कोणासाठी थांबला होता, हे मले अजूनही कोणी सांगू शकलं नाई.