तिथं कावळं हाईत का?

विमानतळाबाहेर पाऊल टाकलं की मामा आधी मान वर करायचे. प्रवासी बॅगा शोधत असायचे, मी बसवाल्याशी फोनवर भांडत असायची आणि आमचे हे स्वयंपाकी मामा विजेच्या तारा, झाडांचे शेंडे, छपरं न्याहाळत उभे. मग माझ्याकडं वळून म्हणायचे, "पावणं हाईत की, म्याडम!" नाहीतर तोंड पाडून, "ह्या गावात पावणं न्हाईत."

पावणं म्हणजे कावळे.

तुम्ही मराठी कंपनीबरोबर परदेशी सहलीला गेला असाल, तर तुम्हाला सांगायला नको. राजवाडा बघायला मिळो न मिळो, संध्याकाळी आमटी-भात मिळाला पाहिजे, नाहीतर माणसं टूर मॅनेजरला फाडून खातात. म्हणून स्वयंपाकी बरोबर न्यावा लागतो. मी कोल्हापुरातल्या एका छोट्या कंपनीची टूर मॅनेजर. मामांना मनोरे, पुतळे, संग्रहालयं यांत काडीचा रस नव्हता. पण ड्रायव्हर, हॉटेलातली पोरं, भेटेल त्याला हातवारे करून ते कावळ्यांची चौकशी करत.

दुबईत मला म्हणाले, "हे आपलंच कावळं. जहाजात बसून आल्यात. तिकीट न्हाय, व्हिसा न्हाय!" लंडनच्या जुन्या किल्ल्यात डोमकावळे पाळलेत, ते उडून गेले तर राज्य बुडेल अशी समजूत आहे, म्हणून त्यांची पिसं छाटतात आणि रोज मांस खाऊ घालतात, हे कळल्यावर मामा हसून हसून बेजार. "सरकारी नोकरी हाय की त्यास्नी!" सिंगापुरात कावळे फार झाले म्हणून बंदुकीनं मारले होते, हे ऐकलं त्या दिवशी मात्र आमटीत मीठ दोनदा पडलं.

हे वेड त्यांच्या बायकोनं लावलं होतं. मामा घरी परतले की ती बाकी काही विचारायची नाही. "तिथं कावळं हाईत का?" नाहीत म्हटलं की हळहळायची. "अवं, मग तिथं माणूस मेलं तर काय करत असतील?" बिचारी स्वतः नृसिंहवाडीच्या पलीकडं कधी गेली नव्हती. घरी म्हैस, तिला सोडून जाणार कशी? मामा दर वेळी म्हणायचे, "पुढच्या खेपंला तुला न्हेतो."

ती आजारानं गेली. दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर पिंड ठेवला. झाडावर कावळे भरपूर, पण एकही शिवेना. मामांनी हात जोडून कबूल केलं, पोरीला अंतर देणार न्हाय, म्हस इकणार न्हाय, तंबाखू सोडतो. कावळा ढिम्म. ऊन चढलं, नातेवाईक कंटाळले, शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि सगळे जेवायला गेले. मामा जेवले नाहीत.

"गवताचा कावळा!" बसमध्ये मला हे सांगताना ते म्हणाले. "जिती हुती तवा तिला खोटं कधी चाललं न्हाय. आता चालंल व्हय? तिचं काय ऱ्हायलंय ते कळल्याबिगर मला झोप न्हाय, म्याडम."

त्यानंतर ते प्रत्येक शहरात सकाळी हॉटेलच्या मागं भाताचा मुटका ठेवू लागले. "म्हशीच्या पायी अडकली हुती. आता मोकळी हाय. फिरत असंल, कुठंतरी गावंल." मी ओरडायची, अहो दंड होईल, कंपनी माझ्या पगारातून कापेल! ऐकतंय कोण. आणि खरं सांगू, मलाही त्यात काहीतरी आहे असं वाटायला लागलं होतं. दुबईत कावळ्यांनी आमच्या एका बाईंच्या हातातली पुरी पळवली, पण शेजारच्या मुटक्याला चोच लावली नाही. व्हिएन्नात तर बर्फ पडला होता. तिथं थंडीत कावळ्यांचे थवे रशियाकडून मुक्कामाला येतात. सकाळी पाहिलं, तर मुटक्याभोवती गोल पावलंच पावलं उमटलेली, पिंगा घातल्यासारखी. भाताचं शीत हललेलं नव्हतं. मामा नुसतं म्हणाले, "हिकडं आल्ती. अजून राग हाय."

मग टोकियो. तिथले कावळे दांडगे. कपडे टांगायच्या तारेच्या हँगरांची घरटी बांधतात, त्यांच्या भीतीनं लोक कचऱ्यावर जाळी टाकतात. शेवटच्या दिवशी सकाळी मामा दिसेनात म्हणून मी हॉटेलमागच्या गल्लीत गेले. तारांवर कावळेच कावळे, कलकलाट नुसता. मामा उकिडवे बसले होते, पुढ्यात भात. त्यांनी हात जोडले आणि सगळे कावळे एकदम गप्प झाले. एवढ्या मोठ्या शहरात मला माझा श्वास ऐकू येत होता. मामांचे ओठ हलले. एक कावळा खाली उतरला, चालत आला, मामांकडं मान तिरकी करून बघत राहिला. मग त्यानं भाताला चोच लावली. खाल्लं नाही, नुसतं शिवला.

"शिवला, म्याडम! शिवला की!" मामा लहान पोरासारखे रडत होते. मीही रडले. कशाला लपवू, मला फार आनंद झाला होता. काय कबूल केलंत, विचारलं तर डोळे पुसून म्हणाले, "चला, पोहं करायचं हाईत."

विमानात त्यांनी सांगितलं. "काय न्हाय. म्हणलं, पुढची खेप दोघं संगट करू." मी म्हणाले, वा, छान बोललात. तेव्हा मला ते खरोखरच छान वाटलं होतं.

पुढची टूर नॉर्वेची होती. निघायच्या दिवशी सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. झोपेतच गेले. मी पोचले तेव्हा मामांना बाहेरच्या सोप्यात निजवलं होतं. चेहरा असा, की आता उठून चहा टाकतील. दाराशी त्यांची बॅग भरून ठेवलेली. धुतलेलं धोतर काढायला मुलीनं ती उघडली, तर सगळ्यात वर बायकी स्वेटर. लाल, कोरा, दुकानाची चिठ्ठीसुद्धा तशीच.

"ह्यो कुणाचा वो, म्याडम?" तिनं विचारलं. "मला तर व्हायचा न्हाय."

मी म्हणाले, "तुझ्या आईचा. तिकडं थंडी फार असते. त्यांच्याबरोबर दे."

तिनं माझ्याकडं पाहिलं, दातांनी चिठ्ठी तोडली आणि स्वेटर मामांच्या हाताशी ठेवला.