दादांनी पेन्सिलीने वाचलेली यादी

मी विमानात उजव्या सीटवर बसतो, म्हणजे को-पायलट आहे. कॅप्टन डावीकडे बसतो. हे मी दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एकदा सांगून बसलो. त्यांनी जन्मभर एसटी चालवलेली. विहारासमोर बसणाऱ्या झाडून सगळ्यांना त्यांनी सांगितलं, "स्टेरिंग उजवीकडंच असतंय. डावीकडं बसलाय तो कंडाक्टर असंल."

खरं काय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी कॅप्टन झाल्यावरच माझ्या विमानात बसायचं, हा त्यांचा हट्ट होता. "आत्ताच चला की," असं मी कितीदा म्हणालो, पण ते म्हणायचे, "हाप तिकिटावर येत नसतो मी."

कॅप्टन व्हायचा माझा नंबर जवळ आला आणि आमची कंपनी दुसरीत विलीन झाली. दोन्हीकडच्या पायलटांची मिळून एकच सिनिऑरिटी यादी लागली. त्यांची माणसं जुनी, आमची नवी. एका रात्रीत शेकडो नावं माझ्या डोक्यावर येऊन बसली. माझा असा तिळपापड झाला की दोन दिवस मी कुणाशी धड बोललो नाही. तेवढ्यात एका छोट्या कंपनीचा निरोप आला: पंख्याचं लहान विमान, पगार कमी, कंपनी किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही, पण वर्षभरात कॅप्टन. पंधरा दिवसांत कळवायचं होतं. मी यादी घेऊन लातूरला घरी आलो.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. नळाला पाणी नव्हतं, गल्लीत टँकर यायचा. लोक घागरी रांगेत ठेवून नंबर धरायचे. दादा आमच्या घागरींशेजारी स्टूल टाकून बसले होते. त्यांनी यादी मागितली, कानावरची पेन्सिल काढली आणि वाचायला लागले.

सिनिऑरिटी म्हणजे काय, हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा ते मुखेड डेपोत होते. आई लातूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. इकडे जागा निघाल्यावर दादांनी विनंती बदली मागून घेतली. विनंतीने येणाऱ्याची आधीची सर्व्हिस धरत नाहीत, तो यादीत तळाला जातो. चांगल्या ड्युट्या वरच्यांना. दादांच्या वाट्याला बरीच वर्षं खेड्यावरची मुक्कामाची गाडीच आली.

यादीत प्रत्येक नावापुढे जन्मतारीख होती. दादा एकेका नावावर खूण करत गेले. टँकर यायच्या आत हिशोब झाला. "सा वर्सं," ते म्हणाले. "सा वर्सांत तुज्या वरचे एवढे समदे रिटायर व्हतेत. मी थांबतो की तेवढं. लई न्हाई."

मी त्यांच्या खुणा पाहिल्या आणि चूक लक्षात आली. त्यांनी प्रत्येकाला अठ्ठावन्नला घरी बसवलं होतं. एसटीत ते अठ्ठावन्नला निवृत्त झाले होते. आम्ही पायलट पासष्टपर्यंत उडतो, म्हणजे सहाची तेरा वर्षं होत होती. दादा सत्तरीला टेकलेले. मी "व्हय" म्हणालो आणि घागरी उचलल्या. स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तिथेच, रांगेत, मी छोट्या कंपनीचं सांगितलं. दादा भडकलेच. "सा वर्सांसाठी लाइन सोडतोस? येडा हायस का?"

मग मला खरं सांगावं लागलं. पासष्ट ऐकल्यावर त्यांनी यादी पुन्हा उघडली, थोडा वेळ पाहिली आणि घडी घालून खिशात ठेवली. टँकर आला, आम्ही पाणी भरलं. घरी माठात पाणी ओतताना ते म्हणाले, "माज्यासाठी सोडायलास न्हवं?"

मी पुढची घागर उचलून त्यांच्या हातात दिली.

"तुज्या आईसाठी मी तळाला गेलो, त्याचा पस्तावा न्हाई. ती रोज डोळ्यापुढं व्हती. तू माज्यासाठी जाशील अन् मी ऱ्हायलो न्हाई, मग कुणाकडं बघशील?" माठावर झाकण ठेवून ते पुढे म्हणाले, "थांब तू. वरचा गेला की खालचा सरकतो. त्यात वाईट काय हाय?"

मी नकार कळवला. बरं वाटलं असं म्हणणार नाही, पण भांडण मिटल्यासारखं झालं. पुढे पाऊस झाला, टँकर बंद झाला. दादा फोनवर दर वेळी विचारायचे, "किती सरकला?" मी आकडा सांगायचो. हाफ तिकिटावर मात्र ते शेवटपर्यंत आले नाहीत.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात दादा गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मी कामावर हजर झालो. नवी यादी लागली होती. सवयीने मी बोट फिरवत माझ्या नावापर्यंत आलो. घरातला वरचा गेला होता, पण यादीत माझा नंबर एकानेही सरकला नव्हता.