ओटीत घातलेला भाऊ

भाऊ स्वतःच्या घरात पाणीसुद्धा विचारून प्यायचा. थट्टा नाही करत मी. घर त्याचं, माठ त्याचा, माठात पाणी भरणाराही तोच. पण तहान लागली की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "घेऊ का गं जरा पाणी?" वहिनी भाकरी थापता थापता पिठाच्या हातानं कपाळ बडवून घ्यायची. "अवो, घर कुणाचं हाय? मला काय इचारता? पाव्हणे हाव का तुमी?" भाऊ ओशाळून हसायचा. पुढच्या वेळी पुन्हा उंबऱ्यातच उभा. लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली तरी त्यात काडीचा फरक पडला नाही.

तो गेला त्याला आता दोन वर्षं होत आली. झोपेतच गेला, कुणाला त्रास दिला नाही. मातीला आलेले येरमाळ्याचे लोक म्हणत होते, "लई गरीब माणूस. कधी कुणाला दुखावलं न्हाय." मला ते ऐकून रागच आला. कुणाला दुखवायचं नाही म्हणून हा माणूस जन्मभर स्वतःला किती चिमटत राहिला ते मी बघितलं होतं. त्याचं कौतुक माझ्याच्यानं ऐकवेना.

तो माझा सख्खा भाऊ, पण जगाच्या लेखी चुलत. आमचं गाव तामलवाडी. माझ्या वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. त्यांचे थोरले भाऊ, माझे मोठे काका, येरमाळ्याला हमरस्त्याच्या कडेला दुकान घालून बसलेले. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं काम. त्यांच्या बायकोला मी मोठीआई म्हणायचे. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मोठीआईची कूस उजवली नव्हती, आणि माझ्या आईला मात्र पहिल्याच वर्षी मुलगा झाला. आज्जीनं दोन्ही घरांकडं बघून निकाल लावून टाकला. "तुला काय, तू तरणीताठी हायस. आनखी होतील. थोरलीचं घर मोकळं पडलंय." आईला कुणी विचारलं नाही. अप्पांनी मान वर केली नाही. येरमाळ्याला देवीसमोर मोठीआईच्या ओटीत तांदूळ घातले, नारळ घातला आणि त्यावर तीन वर्षांचं चालतंबोलतं पोरगं नेऊन बसवलं. पेढा खायला चल म्हणून त्याला नेलं होतं म्हणे. आई त्याच दिवशी एसटीनं परत आली. येताना मांडीवर लेकरू नव्हतं.

आनखी होतील म्हणणारी आज्जी पुढच्याच वर्षी मरून गेली. आनखी काही झाले नाहीत. बऱ्याच वर्षांनी मी झाले, आणि माझ्या वेळी आईची पिशवीच काढावी लागली. मोठ्यांनी वर आणखी एक शहाणपण केलं होतं. पोराला यातलं काही सांगायचं नाही, असं ठरवलं होतं. अहो, सगळ्या गावाला माहीत असलेली गोष्ट एका पोरापासून कशी लपेल? शाळेतल्या पहिल्याच भांडणात कुणीतरी ती त्याच्या तोंडावर फेकली. आणि तीन वर्षांच्या लेकराला आई आठवत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांच्यापुढं मी तर हातच जोडते. पण आपल्याला कळलंय हे भाऊनं कधी दाखवलं नाही आणि आमच्याकडंही कुणी तोंड उघडलं नाही. तो माझ्या आईला काकू म्हणायचा आणि मोठीआईला माय. मला नववीत असताना मावशीकडून कळलं. त्यानंतर तो घरी आला की मी नुसती आईचं तोंड बघत बसायचे.

यायचा तोही मोठीआईबरोबरच, एकटा कधी नाही. आईनं ताट वाढायला घेतलं की मोठीआई म्हणायची, "नगं वाढू. धाराशिवच्या स्टँडवर पोटभर खाल्लंय त्यानं." भाऊ आधी ताटाकडं बघायचा, मग मोठीआईकडं, आणि म्हणायचा, "व्हय काकू, भूक न्हाय." आईनं दिवाळीला पाठवलेला शर्ट मोठीआई ट्रंकेत ठेवायची आणि आखूड झाला की शेजारच्या पोराला देऊन टाकायची. मला त्या बाईचा असा संताप यायचा की विचारू नका. पण खरं तेही सांगायला पाहिजे. भाऊला टायफॉइड झाला तेव्हा तिनं जमिनीला पाठ टेकवली नाही. त्याला लागलं तर हिच्या डोळ्यांतून पाणी. दारात अनोळखी माणूस आला आणि "पोरगं कुणाचं हो?" म्हणाला, तर तिच्या तोंडचं पाणी पळायचं. दिलेलं लेकरू कुणीतरी परत मागायला येईल, या धास्तीत ती जन्मभर जगली. आणि तीच धास्ती तिनं त्या लेकराच्या अंगात मुरवली.

आई दर चैत्रात येडेश्वरीच्या यात्रेला येरमाळ्याला जायची. "देवीचं हाय, चुकवून चालत न्हाय," म्हणायची. यात्रेतली माणसं देवीच्या चुन्यासाठी रानात वाकून चुनखडीचे खडे वेचतात. आईचं लक्ष खड्यांत नसायचं. भाऊ दुकानासमोर पिंप ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी द्यायचा. आई त्याच्या हातून पाणी प्यायची, चार पावलं पुढं जायची आणि वळून पुन्हा रांगेत येऊन उभी राहायची.

"काकू, आत्ताच प्यालाव की," तो म्हणायचा.

"ऊन लई हाय बाळा," आई म्हणायची. तो तांब्या पुन्हा भरून द्यायचा.

दुकानात एकटा असला की भाऊ वेगळाच असायचा. मोटारीत तार भरता भरता गाणी म्हणायचा, गिऱ्हाइकांच्या नकला करायचा, उरलेल्या तांब्याच्या तारेच्या मला अंगठ्या वळून द्यायचा. मी कॉलेजला धाराशिवला होते, तेव्हा मुद्दाम येरमाळ्याची गाडी पकडून त्याच्याकडं जाऊन बसायचे. एकदा मी माझ्या घरच्या कटकटी सांगत होते. अप्पा असं म्हणतात, आई तसं म्हणते, चालू होतं माझं. तो हातातलं काम न थांबवता म्हणाला, "सुमे, तू नशिबाची हायस. तू पोरगी. तुला कुणी मागितलं न्हाय." तो जे कधीच बोलत नव्हता, त्यातलं तेवढं एकच वाक्य त्याच्या तोंडून निसटलं. त्यानं लगेच चहा मागवला.

त्याला चिडलेलं मी एकदाच पाहिलं. त्याचा मुलगा दुकानात खेळत होता. मोटार घेऊन आलेला एक शेतकरी, चांगला हसतमुख माणूस, त्याला म्हणाला, "येतोस का रं आमच्या गावाला? तुला ठिवूनच घेतो." आपल्याकडं लहान पोराला सगळेच असं म्हणतात. पोरं लाजून बापाच्या मागं लपतात, मोठी माणसं हसतात. भाऊनं हातातली पक्कड खाली ठेवली आणि त्या माणसाची गचांडी धरली. "परत आसं म्हणायचं न्हाय. हसण्यावारी बी न्हाय!" शेतकऱ्याला बिचाऱ्याला काही कळेना. पुढं त्या मुलाला लातूरला वसतिगृहात राहून शिकायचं होतं, तर भाऊनं पाठवलं नाही. आम्ही सगळ्यांनी समजावलं, वहिनीनं दोन दिवस चूल पेटवली नाही. "माझं लेकरू दुसऱ्याच्या छताखाली झोपणार न्हाय," एवढंच त्याचं पालुपद. पोरगं कळंबच्या कॉलेजला जाऊन-येऊन शिकलं आणि बापाशी तुटक वागू लागलं. ते आजही म्हणतं, "पप्पांनी मला बांधून घातलं." त्याचं तरी काय चुकलं?

मग आईचं पोटाचं दुखणं निघालं. हाताबाहेर गेल्यावर सोलापूरच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. अप्पा आणि मोठे काका, दोघंही तोवर गेले होते. अप्पांना मोठ्या काकांनीच अग्नी दिला होता, त्यामुळं कुणाचा काय हक्क हा प्रश्न तेव्हा निघालाच नव्हता. आई तामलवाडीच्या घरात पडून होती, मी धाराशिवच्या नोकरीतून रजा टाकून तिच्याजवळ. आणि भाऊ एकटा यायला लागला. "सोलापूरला तार आणायला चाललोय," असं मोठीआईला खोटं सांगून. यायचा, पायाशी बसायचा, आईचे पाय चेपायचा. "काकू, बरं वाटतंय का तुमाला?" मी आईला अगं-तुगं करायचे, आणि हा पोटचा मुलगा तिला तुम्ही म्हणायचा.

तो गेला की आई भिंतीकडं तोंड करून पडायची. एक दिवस म्हणाली, "सुमे, त्यानं एकदा आई म्हणलं तर बरं वाटंल गं. एकदाच. दुसरं काय मागणं न्हाय माझं."

पुढच्या खेपेला मी त्याला अंगणातल्या हापशापाशी गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यानं हापसा मारून ओंजळभर पाणी तोंडावर घेतलं. मग म्हणाला, "म्हणीन की. पन म्हणलं आन् ती उठून बसली तर? बरी झाली तर? मग मायच्या म्होरं कुठल्या तोंडानं उभा राहू? तिला बी म्या एकटाच हाय."

"भित्रा हायस तू," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"व्हय," तो म्हणाला. आणि आत जाऊन पुन्हा आईचे पाय चेपायला बसला.

तो शब्द काही त्याच्या तोंडून निघाला नाही. आई गेली तेव्हा तो येरमाळ्याला होता. मी फोन केला. दुपारच्या आत तो तामलवाडीत पोचला. आईजवळ क्षणभर टेकला, आणि कुणाला एका शब्दानं न विचारता जाऊन न्हाव्यासमोर मान वाकवून बसला. आई-बाप गेले की मुलानं केस द्यायचे, हा रिवाज. भावकीतले म्हातारे एकमेकांकडं बघायला लागले. दत्तक गेलेल्यानं जन्म दिलेल्या आईसाठी केस द्यायचे नसतात. पण बोलायला कुणी धजेना. न्हाव्यानं त्याचं डोकं भिजवलं.

तेवढ्यात जीप आली आणि मोठीआई उतरली. तिनं आधी आईकडं बघितलंच नाही.

"म्या जित्ती हाय अजून!" ती अंगणाच्या मधोमध उभी राहून ओरडली. "आई मेल्यावर देतेत केस. तुझी आई मेली का? सांग की या पंचात, मेली का तुझी आई?"

समोर आईचं प्रेत. न्हाव्याचा हात थांबलेला. मला वाटलं, आता तरी हा बोलेल. भाऊनं मोठीआईकडं पाहिलं. तिचा पदर खांद्यावरून घसरला होता त्याचं तिला भान नव्हतं. तो उठला आणि गमछ्यानं ओलं डोकं पुसायला लागला. भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं तोड काढली. "केस ऱ्हाऊ दे. पुतण्या म्हणून अग्नी दे. पुतण्याला चालतंय."

"व्हय, पुतण्या म्हणून दे की," मोठीआई म्हणाली. "त्याला म्या कुठं न्हाय म्हणतेय?"

"न्हाय," भाऊ म्हणाला. अख्ख्या आयुष्यात त्यानं मोठीआईला दिलेला तो पहिला नकार असेल. "पुतण्या म्हणून न्हाय देणार म्या. सुमीला देऊ द्या. ती कोण म्हणून कुणी इचारणार न्हाय."

म्हातारे कुरकुरले, पण मडकं मीच धरलं. अग्नी मीच दिला. भाऊ सगळ्यांच्या मागं एकटा चालत होता. आईच्या तिरडीला त्यानं खांदासुद्धा दिला नाही.

त्यानंतरही त्यानं मोठीआईचं काही कमी केलं नाही. ती अंथरुणाला खिळली तेव्हा हातानं भरवलं, अंग पुसलं. ती झोपेतून दचकून उठायची आणि विचारायची, "हायस न्हवं रं?" "हाय की माय," तो म्हणायचा. ती गेल्यावर त्यानं सगळं यथासांग केलं. केस दिले. "पोटच्यानं केलं नसतं एवढं केलं," लोक म्हणाले.

तिचे दिवस उरकल्यावर त्याचा मला फोन आला, "घराची किल्ली घेऊन ये." मी धाराशिवहून तामलवाडीला गेले. तो आमच्या बंद घराच्या ओट्यावर बसला होता. मला बघून त्यानं टोपी काढली. डोक्यावर नुकतीच कुठं खुंटं उगवत होती.

"सुमे, कुणाला सांगू नगं," तो म्हणाला. "एका डोक्यात दोघींचं केलंय."

मला रडू आवरेना. इतक्या वर्षांचा त्याच्यावरचा राग कुठं गेला कोण जाणे. मी दार उघडलं, त्याचा हात धरून आईची खाट असायची त्या खोलीत त्याला नेलं आणि म्हणाले, "आता म्हण. आता अडवणारं कुणी न्हाय तुला."

तो उभा राहिला. ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले. शेवटी आवाज फुटला.

"काकू."

तो माझ्याकडं वळला. यात्रेत हात सुटलेल्या पोरासारखा चेहरा झाला होता त्याचा. "हेच येतंय गं तोंडात. दुसरं येतच न्हाय."

"आसू दे," मी म्हणाले. "तिला सगळं कळत हुतं."

"कळून काय करायचं?" भाऊ म्हणाला. "तिला ऐकायचं हुतं."