चोवीस चादरी

आमच्या घरात पलंगावर बसायला बंदी होती. झोपायची परवानगी होती, कारण त्याला इलाज नव्हता. पण दिवसा कुणी चुकून टेकलंच, तर मामा शेजारी येऊन उभे राहायचे आणि तो माणूस उठेपर्यंत चादरीचा कोपरा ओढत राहायचे. मी लहानपणापासून मामा-मामीकडेच वाढले. सगळी शाळा मी जमिनीवर बसून शिकले.

मामा एका बड्या हॉटेलात इस्त्रीखात्याचे प्रमुख. खातं म्हणजे तळघरातली एक लांबट खोली, दोन रुळांचं अवजड यंत्र, तीन टेबलं आणि हाताखाली दोन माणसं. एकोणतीस वर्षं त्यांनी तिथे सुरकुत्यांशी वैर धरलं. पुढे मीही त्याच हॉटेलात लागले, वर स्वागतकक्षात. मामांच्या वशिल्याने लागले असं लोक म्हणतात आणि ते खरं आहे.

स्वागतकक्षात बसलं की पाहुण्यांची नाडी कळते. मी लागले तेव्हा सगळ्यांना चकचकाट हवा असायचा. सोनेरी नळ, दाराशी वाकलेली चार माणसं, टॉवेलाचे हंस. मग वारं फिरलं. आता तेच पाहुणे, म्हणजे त्यांची मुलं, आधी विचारतात, खोलीत टीव्ही नाही ना? सामान स्वतः उचलतात आणि उचलू दिलं म्हणून आमचेच आभार मानतात. एका बाईंनी मातीचा ओबडधोबड मग हातात घेऊन विचारलं, ‘‘हा मुद्दाम वाकडा केलाय की आपोआप झाला?’’ मी आपोआप म्हटलं. त्यांचा जीव भांड्यात पडला.

या नव्या हवेबरोबर नव्या मॅनेजर मॅडम आल्या. वयाने माझ्याएवढ्या, बोलायला मऊ, पण ठरवलेलं सोडायच्या नाहीत. त्यांनी वरच्या मजल्यावर बारा खोल्या नव्याने करून घेतल्या आणि चोवीस लिननच्या चादरी मागवल्या. तळघरात स्वतः उतरून मामांना म्हणाल्या, ‘‘या फक्त धुवायच्या. इस्त्री अजिबात नको.’’ मामांनी मान डोलावली.

मॅडमनी एक गोष्ट फक्त मला सांगितली होती. वरच्या मजल्यावर हे जमलं, तर सगळ्या मजल्यांवर तशाच चादरी येणार होत्या आणि इस्त्रीखातं बंद होणार होतं. मामांना निवृत्तीला चार वर्षं होती. तेवढी वर्षं त्यांना मागच्या दाराशी सामान उतरवून घेण्याचं काम मिळणार होतं. इस्त्रीवाचून मामा कसे दिसतील ते मला डोळ्यांसमोर आणताच येईना. मी घरी काही बोलले नाही.

पाहुणे यायच्या दिवशी दुपारी बाराला मॅडम खोल्या बघायला गेल्या आणि मला फोन आला, मामांना घेऊन वर ये. बाराही खोल्यांत चादरी कशा, तर आरशासारख्या. घडीच्या रेषेवर बोट कापलं असतं.

‘‘काका, मी इस्त्री नको म्हटलं होतं ना?’’ मॅडम म्हणाल्या.

‘‘हो मॅडम. माझी कंबर दुखते हे तुम्हाला कुणीतरी सांगितलं असणार. म्हणून दयेपोटी म्हणालात, असं वाटलं मला,’’ मामा म्हणाले. ‘‘पण म्हटलं, एवढी महाग चादर, चुरगळलेली कशी पाठवायची? थांबून केल्या सगळ्या.’’

मॅडम खुर्चीत बसल्या. ‘‘पाहुण्यांना हॉटेल नकोय काका. त्यांना घरासारखं हवंय.’’

‘‘कुणाच्या घरासारखं?’’ मामांनी मनापासून विचारलं. आमचं घर आठवून मी खाली बघितलं.

पाहुणे चारला येणार होते. पुन्हा धुवून वाळवायला वेळ नव्हता. मॅडमनी दोन सफाईवाल्यांना बोलावून चादरी हाताने चुरगळायला सांगितल्या. त्यांनी मुठीत धरून पिळल्या. पलंगावर टाकल्यावर त्या टोपलीतल्या कागदाच्या बोळ्यासारख्या दिसायला लागल्या.

मामांना ते बघवेना. ‘‘असं कुणी झोपतं का?’’ ते म्हणाले. ‘‘हा माणूस तळमळलाय रात्रभर. सरका.’’

त्यांनी पाण्याचा फवारा मागवला. चादरीवर हलका शिडकावा केला, ती झटकली, कोपऱ्यांत थोडी ओढली आणि मधोमध तळवा असा फिरवला, जसा लहान मुलाच्या पाठीवरून फिरवावा. बारीक लाटा उमटल्या आणि कडेला जाऊन विरल्या. ‘‘काळजी असली की उशीपाशी मुठीचा पीळ पडतो. भांडण झालं असेल तर मध्ये सपाट पट्टी राहते. गाढ झोपलेल्या माणसाची सुरकुती अशी. लांब आणि सैल. एकोणतीस वर्षं रोज शेकड्यांनी मोडतोय मी त्या. ओळखणार नाही?’’

साडेतीनपर्यंत मामांनी चोवीसही चादरी केल्या. त्या दिवशी आलेल्या एका आजोबांनी दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, की खोलीत शिरताच त्यांना झोप आली. मी ते मॅडमना शब्द न शब्द सांगितलं. सपाट चादरीवरच अशी सुरकुती उमटते हे त्यांना पटलं आणि इस्त्रीखातं राहिलं. आता वरच्या मजल्याच्या चादरींना आधी इस्त्री होते आणि मग मामा स्वतः वर जाऊन ती मोडतात. कामं दुप्पट झाली म्हणून हाताखालची दोघं कुरकुरतात. मामा खुशीत असतात. मला इतका आनंद झाला होता की मी स्टोअररूममध्ये जाऊन थोडं रडून आले.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळची गोष्ट. मामी उठली की लगेच चादर ताणायची, हा मामांचा नेम. त्या दिवशी ते नुसते बघत उभे राहिले. मी चहा घेऊन गेले तेव्हाही तसेच उभे होते. त्यांच्या बाजूला लांब, सैल लाटा होत्या. मामीच्या बाजूला मध्ये काहीच नव्हतं. अगदी काठाला, वीतभर जागेत, एक सरळ घडी पडली होती.

‘‘अगं, तू एवढ्याशा जागेत झोपतेस?’’

मामी आरशासमोर केस विंचरत होती. ‘‘मग? लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी म्हणाला होतात, बघ किती चुरगळलीस चादर. सवय झाली आता. चहा घ्या, गार होतोय.’’ तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

मामांनी चहा घेतला. दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी मामीला हाताला धरून पलंगाच्या मधोमध बसवलं. ‘‘इथे झोप.’’

‘‘काहीतरीच तुमचं. पोर बघतेय.’’

‘‘बघू दे.’’

मामी हसत हसत आडवी झाली आणि चांगले दोन तास झोपली. उठल्यावर सवयीने चादरीचा कोपरा ओढायला गेली, तर मामांनी तिचा हात धरला. संध्याकाळपर्यंत त्यांनी त्या पलंगाजवळ कुणाला फिरकू दिलं नाही.