तलावातली तपासणी

पोटातलं मूल आडवं आहे, असं नर्सबाईनं मला सातव्या महिन्यात सांगितलं आणि मी तिच्यावरच खेकसले. म्हटलं, "मंग सरळ करा न! सरकारनं तुमाले कायले पाठवलं इथी?" आजही आठवलं की माझं मलाच हसू येतं. बिचारीनं शांतपणे हात धुतले, फडक्याला पुसले आणि म्हणाली, "ओरडून फिरत असतं तर तुझं कधीचंच फिरलं असतं."

मी का ओरडले हे तिला माहीत होतं. साऱ्या गावालाच माहीत होतं. दोन वर्षांआधी माझं पहिलं मूल असंच आडवं राहिलं होतं. दीड दिवस कळा दिल्या. नवरा बंडी जुंपून तयार होता, चांद्याच्या दवाखान्यात नेतो म्हणत होता आणि सासू दार अडवून बसली. "आमच्या घरची बाई परक्या लोकांपुढं उघडी पडत नाई. सुईण आहे, मातामाय आहे, होते मोकळी." मोकळी झाले मी, पण मूल मेलेलं निघालं. मुलगा होता. सासू त्यावर एक शब्द बोलली नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही. मीही बोलले नाही. आम्ही दोघी एका चुलीवर भात रांधायचो, टोपल्या डोक्यावर घेऊन बाजाराला मासे विकायला बरोबरच जायचो आणि तेवढं एक सोडून जगातल्या सगळ्या गोष्टींवर भांडायचो. मीठ जास्त झालं, झाडू उभा ठेवला, जाळं ओलं गुंडाळलं, काहीही चालायचं. माझ्या मनात मात्र तिच्यासाठी शिव्यांचं अख्खं गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. एक दिवस हे सोडीन, असं मी रोज ठरवायची.

दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा नवऱ्यानं आईचं काही चालू दिलं नाही. तलावापलीकडच्या गावात नुकतंच सरकारी केंद्र उघडलं होतं. केंद्र म्हणजे एक खोली आणि एक नर्सबाई. महिन्याच्या पहिल्या बुधवारी दोन जिवांच्या बायांनी तिथं जायचं. आम्हा मासे धरणाऱ्या ढिवरांच्या घरांतून जाणारी मी पहिलीच. तलावाच्या पाळीवरून चाललं की अर्ध्या तासाची वाट. नर्सबाई पापणी खाली ओढून रक्त किती आहे ते पाहायची, पायावर बोट दाबून सूज पाहायची, काचेच्या नळीत लघवी तापवून पाहायची. हे शेवटचं जेव्हा मी घरी सांगितलं तेव्हा सासूनं पदर तोंडात कोंबला आणि दोन दिवस ती मला पाण्याची घागरही नीट शिवू देईना.

मग तो ताप आला. सत्तावन्न साल होतं. कुठल्या तरी दूर देशातून जहाजानं निघाला म्हणत, रेल्वेनं चांद्याला उतरला आणि तिथून बाजार करत करत आमच्या गावापर्यंत आला. माणूस सकाळी बांधावर चालता-बोलता असायचा आणि दुपारी बाजेवर कण्हत पडलेला. धानाच्या रोवण्याचे दिवस. पऱ्हे उपटून पेंढ्या बांधलेल्या आणि त्या चिखलात लावायला माणूस नाही. अख्खी घरंच्या घरं खोकत होती. माझा नवराही पडला. जाळं टाकायला सासू आणि मीच जाऊ लागलो.

नर्सबाईनं केंद्राचं दार बंद केलं आणि बाज बाहेर लिंबाखाली टाकली. दोन लुगडी बांधून आडोसा केला. एका वेळी एकच बाई आत, बाकीच्यांनी पाळीवर हातहातभर नाही, चांगलं पाच-पाच पावलं सोडून बसायचं. आम्ही बसायचो जवळजवळ आणि ती छत्री उगारून हाकलायची. स्वतः तोंडाला फडकं बांधून असायची. एक बाई म्हणाली, "बाप्पा! ही त डाका घालाले निंगाल्यावानी दिसून राह्यली." त्या तापाच्या दिवसांत आम्ही पोटभर हसलो ते तिथंच, त्या पाळीवर.

त्याच लिंबाखाली तिनं मला ते आडवं असल्याचं सांगितलं. माझं ओरडणं झाल्यावर तिनं मला जवळ बसवलं आणि नीट समजावलं. अजून वेळ आहे, पुष्कळदा आपोआप फिरतं. पुढच्या महिन्याच्या बुधवारी काहीही झालं तरी यायचं. डोकं खाली आलं असेल तर बाळंतपण घरी करू, ती स्वतः येईल. नसेल आलं तर त्याच दिवशी बंडीनं चांद्याला निघायचं, कळांची वाट पाहत बसायचं नाही, कारण मध्ये नदी आहे आणि एकदा पूर आला की आठ-आठ दिवस उतार मिळत नाही. "कळलं काय? त्याच दिवशी," ती म्हणाली.

तो महिना मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. पोटावर हात ठेवून त्याच्याशी बोलायची, "फिर रे बापा, फिर न." कधी लाडानं, कधी चिडून.

आणि त्या बुधवारच्या आदल्या सोमवारी गावानं गाव बांधलं. गावात दोन म्हातारी माणसं तापानं गेली होती, म्हणून गावकऱ्यांनी मातामायपुढं, आमच्या गावदेवीपुढं, बसून ठरवलं. कोतवालानं दवंडी दिली. चारी रस्त्यांवर, शिवेपाशी, आडवा दोर बांधला आणि त्याला कडुनिंबाच्या डहाळ्या लटकवल्या. पाच दिवस गावातलं माणूस बाहेर जाणार नाही, बाहेरचं आत येणार नाही. जो दोर ओलांडेल त्यानं मातामायचा कोप गावावर आणला असं धरायचं. आमच्याकडे साथ आली की हे होतंच, कोणी त्यावर वाद घालत नसे. त्या पाच दिवसांत बुधवार होता एवढंच.

मंगळवारी संध्याकाळी मी सासूला सांगितलं, "मी उद्या जातो. दोर गेला उडत."

"दोर ओलांडशीन? गावात घरोघरी माणसं पडून आहेत. उद्या कोनी मेलं त तुह्या नावानं बोंब मारतीन!"

"मारू द्या. मले माह्या पोराचं पाह्यचं हाय."

"शनवारपर्यंत थांबली त काय होते?"

"नदीले पूर आला त? मंग काय कराचं?"

"मातामाय पाह्यते."

ते ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. "मागच्या वेळी बी मातामायच पाहून राह्यली होती न? तवा तुमी दार अडवलं, आता गाव अडवून राह्यलं!"

 नवरा बाजेवर उठून बसला. दोन वर्षांत ते पहिल्यांदाच बोललं गेलं होतं. सासू उठली, पदर खोचला आणि बाहेर गेली. मला वाटलं, गेली आता पंचांना सांगायला, उद्या माझ्या दारात पहारा बसवणार. मी रडले. भीतीनं नाही, संतापानं. सकाळी पहारा असला तरी जायचं, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं.

ती गेली होती मातामायच्या पारावरच. तिथं पुजारी आणि चार मोठी माणसं बसली होती. पुढं जे झालं ते मला शेजारणीनं सांगितलं, ती तिथं दिव्याला तेल घालायला गेली होती. सासूनं उभ्या-उभ्याच विचारलं, "भाऊ, चारी रस्ते बांधले तुमी. तलाव बांधला का?"

 खरंच कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. गाव बांधणारे सगळे शेतीवाले. त्यांच्या हिशेबी गावाबाहेर जायचं म्हणजे रस्त्यानं. पाण्यावरून जाणारे आम्ही ढिवर आणि आम्हाला विचारतो कोण?

पुजारी म्हणाला, "पाण्याले दोर कुठी बांधावं बाई? पानी कोनाच्या गावाचं थोडीच असते."

"मंग पाण्यावर गेलं त गाव सोडलं नाई न?"

पुजाऱ्यानं जरा विचार केला. "पलीकडच्या मातीले पाय नाई लागला पाह्यजे."

"नाई लागत," सासू म्हणाली आणि घरी आली. मला फक्त एवढं म्हणाली, "सकाळी लवकर जेव. डोंग्यात रिकाम्या पोटी मळमळते."

सकाळी ती एकटीच डोंगा घेऊन पलीकडच्या काठाजवळ गेली आणि कंबरेइतक्या पाण्यात बांबू रोवून तिथूनच ओरडू लागली, "नर्सबाई! वो नर्सबाई!" तिचा आवाज बाजारात मासे विकून कमावलेला. साऱ्या पाळीवरच्या बाया उठून उभ्या राहिल्या. नर्सबाईला आधी काही समजेना, मग समजलं तेव्हा ती भयंकर चिडली. तुमचे दोर, तुमची मातामाय, तुम्ही आणि तुमचं गाव, सगळ्यांचा उद्धार करून झाला. आणि मग ती बॅग छातीशी धरून तिकडच्या एका म्हाताऱ्या ढिवराच्या डोंग्यात बसली. तिला पोहता येत नव्हतं.

तोवर सासू माघारी येऊन मला घेऊन तलावाच्या मध्यावर आली होती. डोंग्यात तिनं तणसाचा पेंढा अंथरून वर गोधडी घातली होती. डोंगा म्हणजे कोरलेलं झाडाचं खोड, त्यात माणूस लांब झोपलं की कूस बदलायलाही जागा उरत नाही. दोन्ही डोंगे शेजारी लावून दोरानं बांधले. नर्सबाई कडेला घट्ट धरून बसली होती.

"इथं पाणी किती आहे?"

"कमरेइतकं," सासू म्हणाली. खोटं होतं. चांगलं पुरुषभर पाणी होतं.

म्हाताऱ्याला तिनं दरडावलं, "भाऊ, तिकडं तोंड करा, बगळे मोजा." आणि स्वतः बांबू धरून, दोन्ही डोंगे हलू नयेत म्हणून पाय फाकवून उभी राहिली. वर मोकळं आभाळ, आजूबाजूला सगळं पाणी आणि त्यात माझं पोट उघडं. जी बाई परक्यांपुढं सून उघडी पडू नये म्हणून दार अडवून बसली होती, तिनंच माझं लुगडं खाली सरकवलं.

नर्सबाईचे हात थंडगार होते. तिनं वरून दाबलं, बाजूंनी दाबलं, परत वरून.  मी विचारलं, "आडवंच हाय का?"

"गप्प."

परत दाबलं. लाट आली, डोंगा हलला, ती थांबली. माझा जीव पार कानात आला होता. सासू तोंडातल्या तोंडात मातामायचं नाव घेत होती. मग नर्सबाईनं माझा हात धरला आणि ओटीपोटावर ठेवला. "इथं दाब. लागतं का काही टणक, गोल?"

"लागते."

"हे डोकं. फिरलं तुझं. बघ कसं शहाण्यासारखं खाली येऊन बसलंय."

मी हसले की रडले, कोण जाणे, दोन्ही एकदमच झालं असावं. डोंगे असे डगमगले की नर्सबाई किंचाळली आणि म्हातारा बगळे सोडून वळून पाहू लागला. तिनं लाकडी नळी पोटाला लावून ठोके ऐकले, मान डोलावली. सासू म्हणाली, "मले ऐकू येईन का?" नर्सबाईनं जागा दिली. सासू वाकली, कान लावला आणि उठेचना. शेवटी नर्सबाई म्हणाली, "द्या बाई आता. अजून सहा जणी पाळीवर बसल्या आहेत."  परत येताना मला इतकं हलकं वाटत होतं! घरी येऊन मी दोन ताटं भात जेवले आणि दुपारभर झोपले. किती दिवसांनी झोपले!

शनिवारी दोर सुटला. ताप हळूहळू गावातून उतरला, नवरा हिंडू-फिरू लागला. महिनाभरानं एका सकाळी चूल पेटवताना मला पहिली कळ आली. सासूनं ना सुईणीला हाक मारली, ना कोणाला विचारलं. नवऱ्याला माझ्याजवळ बसवलं आणि पळतच तलावाकडे गेली. उन्हं डोक्यावर यायच्या आत नर्सबाई घरात होती. अंगभर भिजलेली, सासूला शिव्या घालत. दुपारी मुलगी झाली. बाहेर यायच्या आधीच रडायला लागली होती म्हणा ना, इतका आवाज!

सगळे हसत होते. नवरा दाराबाहेरून परत परत विचारत होता, "बरी हाय न? दोघी बऱ्या हायेत न?" नर्सबाईनं पोर फडक्यात गुंडाळली आणि सासूपुढे धरली. सासूनं घेतली नाही. ती माझ्या पायाशी येऊन बसली, माझा पाय धरला.

"त्या वक्ती मी बंडी अडवली नसती," ती म्हणाली, "त तो बी असाच रडला असता. चुकलं माहं, पोरी."

दोन वर्षं मी ह्याचीच वाट पाहत होते. माझं गाठोडं तयार होतं. पण माझ्या अंगात तेव्हा राग नव्हता, थकवा होता आणि भरून आलेलं समाधान होतं. खोटं बोलायचीही इच्छा नव्हती.

"हो," मी म्हणाले. "चुकलं तुमचं."

ती मान खाली घालून रडत राहिली. पोर तिकडे नर्सबाईच्या हातात टाहो फोडत होती.

"आता घ्या न बाई तिले," मी म्हटलं. "केव्हाची वाट पाहून राह्यली तुमची."