तुराटीच्या काड्या

दारव्ह्याच्या बाजारात फण्या-रिबिनी विकणारी एक बाई बसायची. नाव मी कधी विचारलं नाही. केस झुपकेदार कुरळे, पण जन्माचे नव्हते. ओल्या बटा तुराटीच्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या झाडाच्या, बोटभर काड्यांवर गुंडाळायची अन् उन्हात वाळेपर्यंत तशीच माल विकायची. गिऱ्हाईक हसलं, तर दातात धरलेली काडी न काढता तीही हसायची.

माझ्या म्हातारीचे केस पिकलेले, सुतासारखे सरळ. एकदा सरकी घेऊन आलो, तर ही त्या बाईपुढं डोकंभर काड्या गुंडाळून बसलेली. भर बाजारात, पदर खांद्यावर. माझं डोकं फिरलं.

"ऊठ! नातवंडं झाली तुले. आता तमाशात नाचतं काय?"

ती बाई म्हणाली, "काकाजी, घंटाभर थांबा ना. ओले सोडले तं कुरळे होत नाही. सरळ तं जन्मभर होतेच. एक दिवस कुरळे राह्यले तं काय बिघडते?"

मी थांबलो नाही. म्हातारीनं एकेक काडी सोडून तिच्या हातात दिली. बसमध्ये ओल्या केसांवरून पदर घेऊन बसली. पुढं माझ्याजवळ तिनं काहीच मागितलं नाही, अन् त्याच साली तापानं गेली.

तेरवीनंतर बाजाराला गेलो. त्या बाईनं ओळखलं.

"काहून काकाजी, काकूले नाही आणलं? आज ऊन चांगलं हाय."

"येईल पुढच्या बाजाराले," मी म्हटलं.

तिनं चांगल्या काड्या निवडल्या, चिंधीत बांधल्या अन् म्हणाली, "ह्या ठेवते मंग तिच्यासाठी."

तेव्हापासून मी नेरच्या बाजाराला जातो.